जास्त वॅट म्हणजे साफ कट? तसं नाहीये

"जास्त वॅटची सर्क्युलर सॉ घ्या, प्लायच्या कडा अजिबात फुटणार नाहीत" असा मेसेज कधीपासून फिरतोय (सर्क्युलर सॉ म्हणजे गोल फिरत्या पात्याची, हातात धरायची विजेची करवत). तसं वाटणं साहजिक आहे, पण कड साफ येणं मोटरपेक्षा पात्यावर जास्त अवलंबून असतं. वॅट जास्त असले की फणसासारख्या जाड लाकडात मशीन दमत नाही, एवढंच. 185 मिमीच्या पात्याला 24 दात असतील तर ते भराभर कापतं पण कड खरबरीत येते, 40 ते 60 असतील तर वेळ लागतो पण कड गुळगुळीत.

घरीच बघा ना, एकाच मशीनवर, प्लायच्या एकाच तुकड्यावर दोन्ही पाती लावून कापा (पातं बदलताना प्लग काढूनच हं). मी म्हापशाला घरी शेल्फ करताना हेच केलं, 24 दातांच्या कटाला वर सगळी कुसळं उभी, 60 दातांच्याला जवळजवळ नाहीतच.

आणखी एक, हे दात खालून वर कापतात म्हणून फुटते ती वरची बाजू, तेव्हा चांगली बाजू खाली ठेवा. घरकामाला 1200-1400 वॅट पुरतात, वाचलेले पैसे चांगल्या पात्यावर घाला, फक्त पात्यावर लिहिलेला आरपीएम (मिनिटाला किती फेरे) मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी नको.