‘द ग्लास मिनॅजरी’मागचे घर

अमेरिकन नाटककार टेनेसी विल्यम्स यांच्या ‘द ग्लास मिनॅजरी’ या नाटकातला टॉम विंगफील्ड सेंट लुईस शहरातल्या एका बुटांच्या कंपनीच्या गोदामात काम करतो. त्याला महिन्याला ६५ डॉलर पगार मिळतो आणि त्यावर तीन माणसांचे घर चालते. आई अमांडा मासिकांचे वर्गणीदार मिळवण्यासाठी ओळखीच्या बायकांना फोन करीत असते. बहीण लॉरा पायाने किंचित अधू आणि स्वभावाने कमालीची बुजरी आहे. पन्नास डॉलर फी भरून तिला टायपिंग शिकायला पाठवले, तर वेगाच्या चाचणीच्या वेळी तिला मळमळू लागले आणि ती पुन्हा त्या वर्गात गेलीच नाही. घरी बसून ती काचेचे चिमुकले प्राणी पुसते, लावते, पुन्हा पुसते. टॉमला कविता लिहायच्या आहेत, जहाजावर नोकरी धरून दूर जायचे आहे; पण तो गेला तर या दोघींचे काय होणार, याचे उत्तर नाटकात कोणाकडेच नाही.

हे कथानक जिथून आले ते घर खरे होते. नाटककाराचे मूळ नाव थॉमस लॅनिअर विल्यम्स, म्हणजे घरच्यांचा टॉम; जन्म २६ मार्च १९११, मिसिसिपी राज्यातल्या कोलंबस गावी. वडील कॉर्नेलियस फिरते विक्रेते असल्याने आई एडविना आणि मुले बराच काळ आजोबांच्या, म्हणजे पाद्री वॉल्टर डेकिन यांच्या आश्रयाने राहत. १९१८ मध्ये वडिलांना इंटरनॅशनल शू कंपनीत एका जागी बसून करण्याची नोकरी मिळाली आणि कुटुंब सेंट लुईसला आले. दक्षिणेतल्या छोट्या गावांत पाद्रीबाबांची नातवंडे म्हणून मान मिळालेली ही मुले मोठ्या औद्योगिक शहरातल्या कोंदट भाड्याच्या घरात येऊन पडली. टॉमपेक्षा सव्वा वर्षाने मोठी असलेली बहीण रोझ हिच्या खोलीची खिडकी एका अरुंद बोळावर उघडत असे. त्या बोळात कुत्री मांजरांना कोंडीत गाठून मारीत, म्हणून ती खिडकीचे पडदे ओढूनच ठेवी. खोलीत दिवसाही अंधार असे. मग भावंडांनी तिथले सामान पांढरे रंगवले आणि फळ्यांवर काचेचे प्राणी मांडले. नाटकाच्या नावातला प्राणिसंग्रह तो हाच.

गोदामातली नोकरीही खरीच. १९२९ मध्ये टॉम मिसुरी विद्यापीठात दाखल झाला. १९३२ मध्ये वडिलांनी त्याचे शिक्षण थांबवले आणि त्याला आपल्याच कंपनीत कामाला लावले. पगार नाटकातल्या टॉमइतकाच, ६५ डॉलर. दिवसभर बुटांची कारकुनी आणि रात्री कॉफी पीत लेखन असे तीन वर्षे चालले, आणि १९३५ मध्ये त्याची प्रकृती पार ढासळली.

एक फरक मात्र फार मोठा आहे, आणि माझ्या मते सगळे नाटक त्याच फरकावर उभे आहे. प्रत्यक्षात वडील घरातच होते. ते दारू पीत, जुगार खेळत, मुलाला घालूनपाडून बोलत, पण पगार आणीत. विल्यम्स कुटुंबाला १९३०च्या दशकातल्या महामंदीतही खाण्यापिण्याची ददात पडली नाही. नाटकातले वडील टेलिफोन कंपनीतले. दूरदूरच्या ठिकाणांशी बोलता बोलता दूर जाण्याच्याच प्रेमात पडले आणि बायकामुलांना सोडून गेले. नंतर मेक्सिकोतल्या मासात्लान गावाहून पत्ता न घातलेले त्यांचे एक कार्ड आले, त्यात भेटीचा एक शब्द आणि निरोपाचा एक. त्यांचा हसरा फोटो तेवढा भिंतीवर आहे. विल्यम्स यांनी वडिलांना असे घराबाहेर काढले, म्हणूनच टॉम घरातला कर्ता पुरुष झाला. वडील घरी असते, तर टॉमचे जाणे एका तरुणाचे साधे बंड ठरले असते. ते नाहीत म्हणून त्याचे जाणे दोन बायकांना उघड्यावर टाकणे ठरते.

त्या काळात असे उघड्यावर पडणे म्हणजे काय होते, हे लक्षात घेतल्याशिवाय अमांडाचा आकांत समजत नाही. १९३३ मध्ये अमेरिकेत काम करू शकणाऱ्या दर चार माणसांतला जवळजवळ एक बेकार होता. सामाजिक सुरक्षेचा कायदा १९३५ मध्ये झाला खरा, पण त्यातले म्हातारपणाचे मासिक वेतन १९४० पर्यंत सुरू झाले नव्हते आणि कर्ता पुरुष सोडून गेलेल्या घरांसाठीची मदत लहान मुलांपुरती होती. मुले मोठी झालेली आणि आई अजून म्हातारी न झालेली अशा घराला त्याचा काही उपयोग नव्हता. दक्षिणेतल्या खानदानी घरांतल्या अविवाहित बायका भावजयीच्या किंवा मेहुण्याच्या दारी, एखाद्या कोपऱ्यातल्या खोलीत, उपकाराचे तुकडे खात आयुष्य कसे काढतात, हे अमांडाने डोळ्यांनी पाहिलेले आहे. लॉराला टायपिंग येत नाही आणि स्थळ येत नाही, म्हणजे तिच्यापुढे तेच वाढून ठेवलेले आहे. अमांडा मुलाच्या जेवण्याच्या पद्धतीपासून वाचण्याच्या पुस्तकांपर्यंत सगळ्यात नाक खुपसते, हे खरे. पण तिचा हिशेब चुकीचा नाही, आणि लेखकाने तो चुकीचा दाखवलेलाही नाही.

टॉमची घुसमट दाखवणारा एक प्रसंग मला विशेष वाटतो. रात्री उशिरा घरी आलेला टॉम बहिणीला जादूगाराचा खेळ सांगतो: खिळे ठोकून बंद केलेल्या शवपेटीत जादूगार शिरला आणि एकही खिळा न काढता बाहेर आला. शवपेटीत शिरायला अक्कल लागत नाही, पण खिळा न उपसता बाहेर कोण येऊ शकतो, असे तो विचारतो, आणि त्याच क्षणी भिंतीवरचा बापाचा फोटो उजळतो. पुढे टॉम विजेच्या बिलाचे पैसे खलाशांच्या युनियनची वर्गणी म्हणून भरतो. लॉराला पाहायला म्हणून टॉमचा गोदामातला सहकारी जिम याला जेवायला बोलावलेले असते, नेमके तेव्हाच दिवे जातात, आणि तिच्या आयुष्यातली एकमेव सुखाची संध्याकाळ भावाच्या त्या पळवाटेमुळे मेणबत्त्यांच्या उजेडात घडते. नाटकाच्या शेवटी दूर देशी भटकणारा टॉम तिला विझवायला सांगतो, त्या याच मेणबत्त्या.

त्या शेवटाला रोझच्या शोकांतिकेची पार्श्वभूमी आहे. तिचे मानसिक आजारपण वाढत गेले आणि १९३७ मध्ये तिला मिसुरीतल्या फार्मिंग्टन येथील सरकारी मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. १९३८ मध्ये आयोवा विद्यापीठाची पदवी घेऊन भाऊ घराबाहेर पडला, न्यू ऑर्लिअन्सला गेला आणि ‘टेनेसी’ हे नाव घेऊन लिहू लागला. जानेवारी १९४३ मध्ये आईच्या संमतीने रोझच्या मेंदूवर लोबॉटमीची, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागातले दुवे तोडण्याची शस्त्रक्रिया झाली. ही शस्त्रक्रिया अमेरिकेत १९३६ पासून सुरू झाली होती, आणि तिचे पोर्तुगीज प्रवर्तक एगास मोनिझ यांना १९४९ मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले. रोझ मात्र पुन्हा कधीच स्वतंत्रपणे जगू शकली नाही. भाऊ त्या वेळी दूर होता. त्याच वर्षी त्याने काचेच्या वस्तूंत रमणाऱ्या मुलीची कथा लिहिली, हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओत नोकरी करताना तोच विषय पटकथेच्या रूपाने मांडला, आणि स्टुडिओने तो नाकारल्यावर त्याचे नाटक केले.

२६ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोत पहिला प्रयोग झाला. कडाक्याची थंडी होती आणि तिकिटे खपत नव्हती; ‘शिकागो ट्रिब्यून’च्या समीक्षक क्लॉडिया कॅसिडी यांनी चिकाटीने लिहून लोकांना नाटकाकडे वळवले. ३१ मार्च १९४५ रोजी ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले आणि तिथे त्याचे ५६३ प्रयोग झाले. अमांडाची भूमिका लॉरेट टेलर यांनी केली होती. शिकागोत प्रयोगानंतर एडविना रंगपटात गेल्या, तेव्हा टेलर यांनी त्यांना स्वतःला रंगमंचावर पाहून कसे वाटले, असे विचारल्याचे सांगतात.

विल्यम्स यांनी या नाटकाच्या मानधनाचा निम्मा हक्क आईच्या नावे केला. त्या पैशांच्या आधारावर एडविना नवऱ्यापासून वेगळ्या राहू शकल्या. रोझला विल्यम्स यांनी पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या ऑसिनिंग येथील खासगी संस्थेत ठेवले, तिचा सगळा खर्च केला, तिला भेटत राहिले, बाहेर फिरायला नेत राहिले, आणि आपल्या मृत्युपत्रातही तिच्या हयातभराची तरतूद आधी केली. १९९६ पर्यंत ती जगली.

आपला देह समुद्रात सोडावा, अशी इच्छा विल्यम्स यांनी लिहून ठेवली होती. २५ फेब्रुवारी १९८३ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले, आणि धाकट्या भावाने त्यांना सेंट लुईसच्या कॅल्व्हरी दफनभूमीत, आईशेजारी पुरले.