दोघांची मैत्री आणि मठाची शिस्त: कॅथलिक बोर्डिंग शाळांवरच्या चित्रपटांची पार्श्वभूमी

कॅथलिक सेमिनरींमध्ये, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयांमध्ये, एक जुनं लॅटिन वचन होतं. क्वचित एकटा, दोघे कधीच नाही, नेहमी तिघे. फिरायला जाताना, मैदानावर, सुट्टीच्या वेळी मुलांनी कसं वावरायचं याचा हा दंडक. दोघांची जवळीक म्हणजे 'खास मैत्री', आणि खास मैत्री म्हणजे धोका, अशी धारणा त्यामागे होती. सेमिनरींतून तीच नजर धर्मसंघांच्या बोर्डिंग शाळांमध्येही आली.

या शाळांवरचे चित्रपट पाहताना हे वचन मनात ठेवावं. नवा मुलगा किंवा मुलगी शाळेत येते, एक जोडीदार सापडतो, दोघांचं लपूनछपून जग तयार होतं आणि मग ती जोडी फुटते. हा सांगाडा इतक्या वेळा येतो की तो पटकथाकारांचा आळस वाटू शकतो. पण तो शाळेच्या नियमांतूनच आला आहे. जिथे दोघांनी एकत्र असणंच संशयास्पद, तिथे पडद्यावर दोन मुलं शेजारी बसली तरी गोष्ट सुरू होते. जोडी कोण फोडतं, हे मात्र काळाप्रमाणे बदलत गेलं, आणि मला या परंपरेत सर्वांत महत्त्वाचं तेच वाटतं.

नियमांचा उगम सोळाव्या शतकातला. १५४० मध्ये स्थापन झालेल्या जेज्वीट या कॅथलिक धर्मसंघाने १५४८ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे शाळा काढली आणि पुढच्या काही दशकांत युरोपभर शाळांचं जाळं विणलं. मुलींच्या शिक्षणात उर्सुलाईन भगिनींनी असंच काम केलं. त्यांचा संघ १५३५ चा. १५९९ मध्ये जेज्वीटांनी आपल्या शाळांसाठी 'रातियो स्तुदिओरुम' ही नियमावली पक्की केली. तिच्यातली काही कलमं आज वाचली की पटकथेची टिपणं वाचतोय असं वाटतं. मुलांनी नियमित पापनिवेदन करायचं. नाटकं बसवायची, पण लॅटिनमध्ये, धार्मिक विषयावर, आणि त्यांत स्त्रीपात्र किंवा स्त्रीवेष नको. गोड शब्दांनी न सुधारणाऱ्या मुलाला शिक्षा करायची तर त्यासाठी संघाबाहेरचा वेगळा माणूस नेमायचा. गुरूने स्वतः हात उचलायचा नाही. या शेवटच्या कलमापाशी मी दरवेळी थबकतो. प्रेम करणारा हात आणि मारणारा हात वेगळा ठेवला पाहिजे, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. पुढे अनेक शाळांत दोन्ही हात एकाच झग्यातून बाहेर आले.

पडद्याआधी हे सगळं कादंबरीत आलं. जेम्स जॉइस १८८८ ते १८९१ या काळात आयर्लंडमधल्या क्लाँगोज वुड कॉलेज या जेज्वीट शाळेत होता. १९१६ च्या आत्मचरित्रात्मक कादंबरीत त्याने एक प्रसंग लिहिला. चष्मा फुटल्यामुळे लिहू न शकणाऱ्या मुलाला आळशी ठरवून शाळेतले फादरच हातावर फटके मारतात आणि तो छोटा मुलगा धीर करून थेट रेक्टरकडे, म्हणजे शाळेच्या प्रमुखांकडे, तक्रार घेऊन जातो. अन्याय्य शिक्षा, लांबलचक बोळातून एकट्याने चालत जाणं, बंद दारावर थाप: पुढच्या कितीतरी चित्रपटांनी हा क्रम उचलला. नरकाचं वर्णन करून मुलांचा थरकाप उडवणारं प्रवचनही याच कादंबरीत आहे.

हॉलिवूडमध्ये मात्र दुष्ट फादर दाखवायची सोयच नव्हती. १९३० ची निर्मिती आचारसंहिता, म्हणजे पडद्यावर काय दाखवावं याचे नियम, प्रकाशक मार्टिन क्विगली आणि जेज्वीट धर्मगुरू डॅनियल लॉर्ड यांनी घडवली होती. धर्मगुरूंना विनोदी पात्र किंवा खलनायक म्हणून दाखवू नये, असं तिच्यात स्पष्ट होतं. १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाने ती काटेकोरपणे राबवली. शाळेच्या गोष्टीत अधिकारी व्यक्ती खल असू शकत नाही म्हटल्यावर संघर्ष आणायचा कुठून? वरून कठोर, आतून मायाळू अशी मदर सुपिरिअर, म्हणजे मठाची प्रमुख नन, हे त्याचं उत्तर. खोडकर मुलगी तिच्याशी झुंजते, मग एका रात्री तिला एकटीला रडताना किंवा प्रार्थना करताना पाहते आणि विरघळते.

आयडा लुपिनो यांनी दिग्दर्शित केलेला 'द ट्रबल विथ एंजल्स' (१९६६) हा या साच्याचा सर्वांत नेटका नमुना. मठाच्या शाळेत दोन मैत्रिणी वर्षानुवर्षं उपद्व्याप करतात आणि शेवटी त्यांतली बंडखोर मुलगीच नन व्हायचं ठरवते. दुसरीला तो विश्वासघात वाटतो. इथे जोडी मठानेच फोडली, पण धर्मजीवनाच्या आवाहनाने, आणि प्रेक्षकाला ते पटावं अशी रचना आहे. चित्रपट आला तेव्हा कॅथलिक चर्चमध्ये मोठे बदल करणारी दुसरी व्हॅटिकन परिषद नुकतीच, डिसेंबर १९६५ मध्ये, संपली होती. अमेरिकेत तेव्हा १ लाख ८० हजारांच्या आसपास धर्मभगिनी होत्या. तो आकडा पुन्हा कधी गाठला गेला नाही. पारंपरिक झगेही बऱ्याच संघांनी लवकरच सोडले. आचारसंहिताही १९६८ मध्ये गेली.

युरोपात हे बंधन नव्हतं. फ्रान्समध्ये ज्याँ दलानॉय यांनी १९६४ मध्ये 'खास मैत्री' याच नावाच्या कादंबरीवर चित्रपट केला. त्यात धर्मगुरू दोन मुलांना एकमेकांपासून तोडतात आणि लहान मुलगा जीव देतो. जोडी शिस्तीने फोडली, हे तिथे उघडपणे सांगितलं गेलं. ऑस्ट्रेलियात फ्रेड स्केपिसी यांनी १९७६ मध्ये १९५३ सालच्या एका धर्मसंघाच्या शाळेची गोष्ट सांगितली. तिथे मुलांनी अंघोळही पोहण्याची चड्डी घालूनच करायची. त्या चित्रपटाचं मोठेपण असं की नियमाखाली चिरडलेले ब्रदरही त्यात माणसं म्हणून दिसतात.

आणि मग लुई माल यांचा 'ओ रव्वार लेझाँफाँ', १९८७ चा. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सुवर्ण सिंह मिळाला. माल स्वतः फोंतेनब्लोजवळच्या आव्हाँ इथल्या कार्मेलाईट शाळेत होते. १५ जानेवारी १९४४ रोजी गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, तिथून तीन ज्यू मुलांना आणि त्यांना खोट्या नावांनी आसरा देणाऱ्या फादर जाक यांना नेलं. मुलं ऑशविट्झमध्ये मारली गेली. फादर जाक छळछावणीतून सुटले, पण जून १९४५ मध्ये लिंझला वारले. चित्रपटात वर्ग, प्रार्थना, चॅप्लिनच्या मूकपटावर सगळ्यांचं एकत्र हसणं, असं साधं शालेय आयुष्य सावकाश उलगडतं. शेवटी गेस्टापोचा अधिकारी वर्गात येऊन ज्यू मुलाचा शोध घेतो आणि त्याचा मित्र क्षणभर वळून त्याच्याकडे पाहतो. तेवढंच. जोडी इथे मैत्रीच्याच एका नजरेने उघडी पडते. शाळा या गोष्टीत आसरा आहे आणि फादर सज्जन आहेत, तरी मुलांना वाचवायला ते पुरत नाही. कठोर पण मायाळू गुरूचा जुना साचा मला इथेच पहिल्यांदा खरा वाटला.

१९९० नंतर पाया हलला. कॅनडात १९९२ मध्ये 'द बॉइज ऑफ सेंट व्हिन्सेंट' आला. न्यूफाउंडलंडमधल्या माउंट कॅशल अनाथाश्रमात मुलांवर झालेल्या अत्याचारांच्या छायेत रचलेला दोन भागांचा टीव्ही चित्रपट. खटले चालू होते म्हणून ओंटारियोच्या न्यायालयाने तिथे त्याचं प्रसारण रोखलं. आयर्लंडमध्ये अशाच अत्याचारांवरच्या १९९९ च्या दूरचित्रवाणी मालिकेनंतर सरकारने माफी मागितली, चौकशी आयोग नेमला आणि २००९ मध्ये त्याचा पाच खंडांचा अहवाल आला. तो मुख्यतः गरीब मुलांना डांबणाऱ्या औद्योगिक शाळा आणि सुधारगृहांबद्दल होता, फी भरून शिकवणाऱ्या बोर्डिंग शाळांबद्दल नव्हे. चित्रपटांनी हा फरक बरेचदा पुसला. तो पुसू नये. ज्या मुलाला घ्यायला कोणी येणारच नव्हतं, त्याची गोष्ट वेगळी आहे.

या टप्प्यावर कथनाची रचनाच पालटली. जोडी उरली नाही, कारण अत्याचार मुलाला एकटं पाडतो. जॉइसच्या कादंबरीतल्या मुलाचं रेक्टरने ऐकून घेतलं होतं. आता तक्रार वरपर्यंत जाते आणि तिथेच दडपली जाते. आणि गोष्ट एका काळात मावेना. आधी मूल, मग मध्ये बरीच वर्षं, मग तेच मूल मोठं होऊन न्यायालयात किंवा जुन्या गुरूच्या दारात. पेद्रो आल्मोदोवार यांनी २००४ मध्ये हीच रचना आणखी गुंतवली. त्यांच्या चित्रपटात शाळेतली आठवण म्हणजे कोणीतरी लिहून आणलेली कथा असते.

आजही यांतल्या बहुतेक गोष्टी व्हॅटिकन परिषदेआधीच्या काळात, १९४० ते १९६० च्या दशकांत घडवल्या जातात. लॅटिन मिस्सा, रांगेतल्या लोखंडी खाटा, जाळीआडचं पापनिवेदन, पहाटेची घंटा हे सगळं दिग्दर्शकाला तिथे तयार मिळतं. ज्या शाळेत शिक्षकवर्गात एखादाच फादर उरला आहे आणि झग्यातली नन फक्त भिंतीवरच्या फोटोत आहे, तिथे राहणाऱ्या मुलांचे चित्रपट मला फारसे पाहायला मिळालेले नाहीत.