फाशी मागण्याआधी ५८ समजून घ्या

गोव्यात हणजूण किंवा हरमलला छापा पडला, कुणाच्या खोलीत पांढरी पूड सापडली, की दुसऱ्या दिवशी म्हापसा-पणजी बसमध्येसुद्धा निकाल लागलेला असतो: "सिंगापूरसारखं करा. सरळ फाशी!" किनाऱ्यावरच्या गावांनी जे भोगलंय ते पाहता हा राग खोटा म्हणवत नाही. पण मी रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे माझं डोकं भलतीकडेच जातं. ती पूड कसली होती हे कुणी ठरवलं, आणि कसं?

सिंगापूरचंच घ्या. तिथे हेरॉइनची तस्करी १५ ग्रॅमच्या वर गेली की कायद्यात फाशी आहे. २०१३ पासून निव्वळ ने-आण करणाऱ्याला काही अटींवर जन्मठेप मिळू शकते, तेवढीच सवलत. हे १५ ग्रॅम म्हणजे पाकिटाचं वजन नव्हे, त्यातल्या शुद्ध हेरॉइनचं. तिथल्या कित्येक खटल्यांत आरोप '१४.९९ ग्रॅम'चा असतो. सरकारी पक्ष जाणूनबुजून आकडा सीमेच्या आत आणतो, म्हणजे माणूस फासातून सुटतो. आता १५ आणि १४.९९ यांतला फरक १० मिलिग्रॅमचा. मिश्रणातलं शुद्ध द्रव्य मोजताना कुठल्याही चांगल्या प्रयोगशाळेत याहून मोठी चूक सहज संभवते.

आपल्याकडेही फाशी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात १९८९ साली कलम ३१-अ घातलं गेलं. मोठ्या प्रमाणातल्या साठ्याच्या गुन्ह्यात (हेरॉइन असेल तर १ किलो, कोकेन असेल तर ५०० ग्रॅम) दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्याला फाशी सक्तीची होती. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, म्हणजे गोव्याच्याही उच्च न्यायालयाने, ही सक्ती काढून ती न्यायाधीशाच्या विवेकावर सोडली. २०१४ मध्ये संसदेने कायदाच तसा बदलला.

आपला ग्रॅम मात्र सिंगापूरच्या ग्रॅमहून वेगळा आहे. २०२० च्या हीरा सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भेसळीसकट सगळ्या मिश्रणाचं वजन धरायचं. १० ग्रॅम पुडीत ९ ग्रॅम ग्लुकोज असलं तरी कायद्याला ती १० ग्रॅमच. एमडीएमएसाठी (पार्ट्यांमधली 'एक्स्टसी') 'व्यापारी प्रमाण' १० ग्रॅमपासून सुरू होतं, आणि त्याला किमान १० वर्षं शिक्षा आहे. एलएसडी या भ्रम घडवणाऱ्या द्रव्यासाठी तेच प्रमाण ०.१ ग्रॅम. एलएसडी कागदाच्या चिमुकल्या तुकड्यांत जिरवलेलं असतं. तुकडा १५ मिलिग्रॅमचा धरला तर ७ तुकड्यांतच मर्यादा ओलांडते, आणि त्यात खरं एलएसडी जेमतेम १ मिलिग्रॅमही नसतं. बाकी सगळा कागद. तो मोजायचा की नाही, यावर न्यायालयांत वाद झाले आहेत.

वजन झालं. आता ओळख, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

छाप्याच्या जागी पोलिसांच्या किटमध्ये रंगाची चाचणी असते. तिच्यातलं जुनं, प्रसिद्ध रसायन मार्क्विस, १८९६ सालचं: तीव्र गंधकाम्ल आणि थोडं फॉर्माल्डिहाइड. हेरॉइन जांभळं होतं, एमडीएमए काळपट जांभळं. पण ॲस्पिरिनही तांबूस होतं आणि साखर करपून काळी पडते. रात्री, टॉर्चच्या उजेडात, तांबूस आणि जांभळं यांतला फरक सांगणार कोण? ही चाचणी संशयापुरतीच. पुराव्यासाठी नमुना न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो, आणि तिथे असतं माझं लाडकं यंत्र: गॅस क्रोमॅटोग्राफला जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर.

पहिला भाग म्हणजे भट्टीत गुंडाळून ठेवलेली साधारण ३० मीटर लांबीची, केसासारखी बारीक नळी. पूड विरघळवून तिचा थेंब आत टाकतात, त्याची वाफ होते आणि हेलियम ती पुढे ढकलतो. मिश्रणातला प्रत्येक पदार्थ नळीच्या आतल्या अस्तराला कमीअधिक चिकटतो, म्हणून कॅफीन, एमडीएमए अशी पुडीतली मंडळी वेगवेगळ्या मिनिटाला बाहेर पडतात.

बाहेर पडलेल्या रेणूवर निर्वात पोकळीत इलेक्ट्रॉनांचा मारा होतो. त्यांची ऊर्जा जगभर ठरलेली आहे, ७० इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे वेर्ण्याच्या प्रयोगशाळेतला आलेख बोस्टनमधल्या आलेखाशी ताडून पाहता येतो. या माऱ्याने रेणू फुटतो, आणि यंत्र तुकड्यांची वस्तुमानं आलेखात मांडतं. मडकं फुटलं की दर वेळी खापऱ्या वेगळ्या होतात, पण रेणू ठरलेल्या जागीच मोडतो. मेथॅम्फेटामाइन हे अमली उत्तेजक घ्या: त्याचं रेणूवस्तुमान १४९. त्याच्या एका टोकाला बेंझिनचं कडं, दुसऱ्या टोकाला नायट्रोजन. नायट्रोजनजवळ इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. शेजारच्या कार्बनापलीकडचा बंध तुटला तर ही जोडी तुटलेल्या तुकड्यावरचा धनभार सावरून धरते, म्हणून रेणू बहुतेक वेळा तिथेच मोडतो. नायट्रोजनवाला तुकडा ५८ चा, कड्याचा ९१ चा. बेरीज करून पाहा: १४९.

आता एमडीएमए. वस्तुमान १९३. कड्यावर ऑक्सिजनचे दोन अणू जास्त, पण नायट्रोजनाकडची शेपटी तीच. म्हणून तुकडे पडतात ५८ आणि १३५. बेरीज १९३! वर्गात फळ्यावर ही बेरीज जुळते तेव्हा मागच्या बाकावरचेही मान वर करतात.

मग गोम कुठे आहे? ५८ इतरांकडेही आहे. फेंटरमाइन हे वजन कमी करायचं औषध आहे. त्याचं वस्तुमानही १४९, कारण त्यात मेथॅम्फेटामाइनइतकेच आणि तेच अणू आहेत, फक्त रचना निराळी: त्याचा एक मिथिल गट नायट्रोजनवर नसून शेजारच्या कार्बनवर आहे. तेही मोडतं आणि देतं ५८ आणि ९१. नुसता आलेख वरवर पाहणारा इथे फसतो. सोडवणूक नळीतल्या वेळेने होते, कारण दोघं वेगवेगळ्या वेळी बाहेर येतात. पण त्यासाठी त्याच यंत्रावर, त्याच परिस्थितीत खात्रीचा शुद्ध नमुना चालवून वेळ जुळवावी लागते. जोडीला इन्फ्रारेडसारखी दुसरी, स्वतंत्र पद्धत हवी. त्यापुढचा पेच म्हणजे आरशातली प्रतिमा. मेथॅम्फेटामाइनचं डावं रूप अमेरिकेत नाक मोकळं करायच्या इनहेलरमध्ये साध्या दुकानात मिळतं. नेहमीच्या नळीतून डावं-उजवं दोन्ही एकाच वेळी येतं, एकसारखंच मोडतं. वेगळं करायला खास, डाव्या-उजव्या 'हाताची' जाण असलेलं अस्तर लागतं. (अवकाश समावयवता बारावीत झोपून काढलेल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.)

जाता जाता नार्को टेस्टबद्दल. कौल लावून चोर ओळखू म्हणणाऱ्याला आपण हसतो, पण पेंटोथॉलची सुई टोचली की माणूस खरं बोलतो यावर आपली टीव्हीमुळे गाढ श्रद्धा. ते गुंगीचं औषध आहे. गुंगीतला माणूस बोलतो खूप, त्यात खरं किती हे कुठलंही यंत्र सांगत नाही. संमतीवाचून ही चाचणी करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे.

आता खरी भानगड. वरचं सगळं रसायन बिनचूक झालं असं समजू. यंत्र सांगतं ते त्याच्यात घातलेल्या थेंबाबद्दल. तो थेंब त्या खोलीतल्या पुडीचाच आहे, हे यंत्राला कळत नाही.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये ॲनी डुकन नावाची रसायनतज्ज्ञ सरकारी प्रयोगशाळेत होती. सहकाऱ्यांच्या कैकपट नमुने ती उरकायची. पुढे उघड झालं की कितीतरी नमुने तिने नुसते नजरेने पाहून 'पॉझिटिव्ह' लिहिले होते आणि काहींत बाहेरून अमली पदार्थ मिसळला होता. अशा नमुन्यात यंत्राला कोकेन दिसलं तर ते खरंच तिथे असतं! २०१३ मध्ये तिला शिक्षा झाली आणि २०१७ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २१,००० हून जास्त खटले रद्द केले. त्याच राज्यात सोन्या फराक ही दुसरी तज्ज्ञ प्रयोगशाळेतले शुद्ध नमुने स्वतःच सेवन करत होती. हे खटले रद्द करता आले, कारण शिक्षा तुरुंगवासाची होती.

आपल्याकडे तर वाटेत मालखाना, म्हणजे जप्त माल ठेवायची पोलिसांची खोली, आहे. २०२२ मध्ये मथुरेच्या पोलिसांनी न्यायालयाला सांगितलं की जप्त केलेला ५०० किलोहून जास्त गांजा उंदरांनी फस्त केला. गोव्याने हसायचं कारण नाही. २०१० मध्ये पोलीस आणि ड्रग माफियांच्या साट्यालोट्याचं प्रकरण आपल्याकडेच गाजलं, आणि अमली पदार्थविरोधी पथकातल्याच पोलिसांना अटक झाली. २०१६ च्या मोहनलाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने जप्त मालाच्या साठवणुकीवर आणि त्यातल्या चोरीवर कोरडे ओढले, आणि नमुना दंडाधिकाऱ्यासमोर काढायचा असं बजावलं. लाखेचं सील, पंचांच्या सह्या, पाकिटावरचं वजन आणि प्रयोगशाळेत भरलेलं वजन हे कारकुनी वाटतं, पण ५८ ला अर्थ येतो तो त्यातूनच.

जरब बसेल, हा युक्तिवाद उरतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ मध्ये तोवरचे अभ्यास तपासले आणि ते फाशीमुळे खून कमी होतात की वाढतात यावर काहीच सांगत नाहीत, असा निष्कर्ष काढला. तो खुनांबद्दल होता, तस्करीबद्दल नाही. पण किलोमागे लाखो कमावणारा फाशीच्या आकड्याची किती फिकीर करतो? नमुना बदलून मिळेल, सील पुन्हा लावून मिळेल, एवढं त्याला माहीत असलं की पुरे. शिवाय शिक्षा जितकी मोठी, तितका सील फोडण्याचा भावही मोठा.

म्हणून मला प्रयोगशाळेच्या अहवालाला जोडून तीन आलेख हवेत: नमुन्याचा, शुद्ध संदर्भद्रव्याचा, आणि नमुन्याच्या आधी चालवलेल्या कोऱ्या द्रावकाचा. कोऱ्या आलेखात ५८ दिसलं तर यंत्रात आधीच्या नमुन्याचा अंश राहिला आहे, आणि पुढचं सगळं पुन्हा करायला हवं. नुसतं 'एमडीएमए आढळले' हे वाक्य बचाव पक्षाचा वकील तपासणार कसं?