बुलेट, फौजी आणि खानदेशातले रायडिंग ग्रुप

धुळे, जळगाव, चाळीसगाव, शहादा, कुठल्याही गावचा बुलेटवाल्यांचा ग्रुप घ्या, त्यात एखादा तरी माजी सैनिक असतोच. कॉलेजची पोरं, मेडिकलवाले, शिक्षक, केळीचे बागायतदार, आणि त्यांच्यात हा चाळिशीतला ताठ कण्याचा माणूस. गाव, भावकी, बायकामुलं सगळं असूनही जे मिळत नव्हतं ते त्याला इथे मिळालं. हे कसं झालं ते कळायचं तर फौजेतल्या मोटारसायकलचा आणि फौजेतल्या निवृत्तीचा, दोन्हींचा मागोवा घ्यावा लागतो.

सैनिक आणि मोटारसायकल यांचं नातं जुनं आहे. वायरलेसचा भरवसा नव्हता तेव्हा एका ठाण्याचा हुकूम दुसऱ्या ठाण्यावर न्यायला मोटारसायकलस्वार असत. हे डिस्पॅच रायडर, फौजेच्या भाषेत डीआर. सिग्नल कोरच्या, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन विभागाच्या, स्वारांचं कसरतीचं पथक १९३५ मध्ये उभं राहिलं. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात एकाच गाडीवर मनोरा रचून जाणारे ‘डेअरडेव्हिल्स’ ते हेच. दुसऱ्या महायुद्धात रॉयल एनफिल्डची १२५ सीसीची हलकी गाडी पॅराशूटने खाली सोडत. स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, भारतीय सैन्याने ३५० सीसीच्या ८०० बुलेट मागवल्या. मागणी एवढी होती की १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर एनफिल्ड इंडिया ही कंपनी निघाली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला बुलेट तयार होऊ लागली. म्हणजे ही गाडी आपल्याकडे तयार होऊ लागली तीच फौजेच्या मागणीमुळे, आणि मग गावागावांत पसरली. सुट्टीवर आलेला फौजी आणि बुलेट ही जोडी खानदेशातल्या दोन पिढ्यांनी पाहिली आहे.

आता निवृत्ती. शिपायाला पेन्शन पंधरा वर्षांच्या सेवेवर बसते. अठराव्या-विसाव्या वर्षी भरती झालेला मुलगा पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. एस.टी. स्टँडपासून उघड्या जीपमधून मिरवणूक निघते, गुलाल-फुलं उधळली जातात, देशभक्तीची गाणी लागतात. गाव मनापासून करतं हे सगळं. पण पुढच्या सोमवारी काय? नायक या खालच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्यालाही गाव ‘मेजर’ म्हणतं. बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभी राहायची नोकरी मिळते, शेताच्या बांधावरून चुलतभावाशी बोलाचाली होते, मुलं वडिलांना सुट्टीपुरतंच ओळखत असतात. पहाटे चारला जाग येते आणि करायला काही नसतं. पंधरा-वीस वर्षं डाव्या-उजव्या हाताला कोण आहे हे न बघता माहीत होतं, ते एकाएकी थांबतं. पेन्शन, कॅन्टीन, २००३ पासून ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतले उपचार, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, हे सगळं आहे आणि गरजेचंही आहे. सोबत मात्र कुठल्याच योजनेत बसत नाही.

अमेरिकेत हे आधीच घडून गेलं होतं. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या कित्येक सैनिकांना घरात चैन पडेना. त्यांनी मोटारसायकल क्लब काढले. १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावी गोंधळ झाला आणि या क्लबांचं नाव बदनाम झालं. व्हिएतनाम युद्धानंतर चित्र पालटलं. युद्धाने मनावर होणाऱ्या आघाताला १९८० मध्ये मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आजार म्हणून जागा मिळाली. युद्धकैदी आणि बेपत्ता सैनिकांसाठी १९८८ पासून वॉशिंग्टनमध्ये मोटारसायकलींचा मोठा मोर्चा निघू लागला. २००१ मध्ये तर लढाईवर गेलेल्या माजी सैनिकांची खास मोटारसायकल संघटना निघाली. तिथे सैनिकांनी सैनिकांसाठी दार उघडलं.

खानदेशात वाट निराळी पडली. इथे फौजी मिसळला तो साध्या नागरिकांत, आणि मला हेच जास्त मोलाचं वाटतं. २००९ मध्ये रॉयल एनफिल्डची ‘क्लासिक’ बाजारात आली आणि तालुक्याच्या गावांतली तरुण पोरंही बुलेट घेऊ लागली. मग लळिंग, तोरणमाळ, पाल, पाटणादेवी अशा रविवारच्या राईड सुरू झाल्या. चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा औट्रम घाट तर सगळ्यांच्या आवडीचा. १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल कोअर ही पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचं नाव या घाटाला आहे. फौजेची गोष्ट निघाली की सातारा-कोल्हापूरचं नाव आधी येतं. पण धरणगावात मुख्यालय असलेली ही पलटण इथल्याच सातपुड्यातल्या माणसांची होती, हे सांगायलाच हवं.

ग्रुपमध्ये फौजीची जागा लगेच ठरते. राईडमध्ये पुढे ‘लीड’ असतो, सर्वांत मागे ‘स्वीप’. स्वीपने कोणालाही मागे टाकायचं नाही. गाडी बंद पडली, कोणी घाबरलं, तर थांबायचं. माझ्या ओळखीचे धुळे तालुक्यातले एक निवृत्त हवालदार कायम स्वीपला असतात. घाट उतरला की चहाच्या टपरीवर आधी गाड्या मोजतात, मगच हेल्मेट काढतात. त्यांच्याकडे जुनी, कास्ट आयर्न इंजिनची बुलेट आहे. ती चालू कशी करायची ते त्यांनी पोरांना शिकवलं: किक हळूहळू दाबत अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणायचा, इंजिनातला दाब सोडणारा डिकॉम्प्रेसरचा खटका ओढून किक जरा पुढे सरकवायची, खटका सोडायचा, किक वर येऊ द्यायची, आणि मग एकच पूर्ण किक. बावीस वर्षांचा मुलगा घामाघूम होतो, ते शांतपणे म्हणतात, ‘‘जोर नको लावू भो, काटा बघ.’’ ते सियाचीनला होते; तिथलं काय ते कोणी विचारत नाही. एकदा भरीत-पुरीच्या पंगतीला त्यांनी आपणहून सांगितलं, सगळ्यांनी ऐकून घेतलं. घरी झोप लागायला लागली, हे त्यांच्या पत्नीने सांगितलं.

राईड म्हणजे उपचार नव्हे. ज्याला रात्री दचकून जाग येते, दारू सुटत नाही किंवा जगणं नको वाटतं, त्याला डॉक्टरकडेच न्यायला हवं, आणि हे ओळखायला ग्रुपमधले मित्र घरच्यांच्या आधी पुढे येऊ शकतात. सरकारची मानसिक आरोग्याची टेलिमानस हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. सैन्यदलांसाठी तिचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला.

हा विषय आत्ताच मांडायचं कारण अग्निपथ. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत सेवा चार वर्षांची; त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होतात. भूदलाच्या पहिल्या तुकड्यांचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं, म्हणजे २०२६ च्या अखेरीपासून विशी-पंचविशीतली मुलं गावी परतू लागतील. त्यांना पेन्शन नसेल. त्यांच्या वयाची पोरं याच ग्रुपमध्ये आहेत, आणि स्वीपला हवालदारसाहेब आहेत.