स्ट्रॉबेरीचं रोप नेताय? लावायच्या आधी हे वाचा

रोप घरी गेलं की आठवड्याभरात फोन येतो, "दादा, मधला कोंब काळा पडला." कारण बहुतेक वेळा एकच, रोप खोल लावलेलं असतं. पानांचे सगळे देठ जिथून फुटतात तो बुटका जाडसर गड्डा दिसतोय ना, त्याला क्राऊन म्हणतात, तो अर्धा मातीत आणि अर्धा वर राहिला पाहिजे. पूर्ण पुरला की कुजतो, जास्त वर राहिला की मुळं सुकतात. पहिलं पाणी घातल्यावर माती खाली बसते आणि रोप पण, म्हणून पाणी घालून झाल्यावर परत एकदा बघा, वाटलं तर बोटाने माती बाजूला करा.

आमची रोपं वाई-पाचगणीकडून येतात, थंडीच्या तोंडावर. ऑक्टोबर हीटमध्ये मागू नका, आम्ही देणार पण नाही, दोन दिवसात पानं करपतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय पण ते तिथे पिकलेल्या फळाला, तेव्हा तुमच्या गॅलरीतली फळं त्या नावाने सोसायटीत विकू नका म्हणजे झालं 😄

माती कशी? लाल माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत, साधारण सारखंसारखं, आणि कुंडीला खाली भोकं हवीतच. आठ इंची कुंडीत एकच रोप. ऊन सकाळचं पाच-सहा तास मिळालं तर उत्तम, दुपारी ग्रिलवर जुनी ओढणी टाकली तरी चालतं. पाणी बोट खुपसून बघून घालायचं, रोज तांब्याभर ओतायचं नाही, आणि पानांवर तर नाहीच.

आता फळ वेडंवाकडं का येतं ते सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही. स्ट्रॉबेरी गुलाबाच्या कुळातली, फुलाला पाच पांढऱ्या पाकळ्या आणि मध्ये पिवळा उंचवटा. तो उंचवटाच फुगून लाल होतो, आणि आपण ज्याला बी समजतो ते वरचे बारीक टिपके म्हणजे एकेक खरं फळ. ज्या टिपक्याला पराग पोचला त्याच्या आजूबाजूचा गर फुगतो, नाही पोचला तिथे खड्डा. चाळीच्या गॅलरीत एखादी मधमाशी फिरकते तरी, चौदाव्या मजल्यावर कुठली? म्हणून फूल उमललं की मुलांच्या रंगपेटीतला मऊ ब्रश घ्या आणि फुलावर हलक्या हाताने गोल फिरवा, सकाळी दहा-अकराच्या सुमारास, दोन-तीन दिवस. परागाची ही भानगड जुनीच आहे, १७१४ साली फ्रेझिए नावाच्या फ्रेंच इंजिनियरने चिलीहून मोठ्या फळाची रोपं फ्रान्सला नेली, ती नेमकी मादी निघाली, फळच धरेनात, पुढे शेजारी उत्तर अमेरिकेची जात लावली तेव्हा फळं आली आणि त्या संकरातूनच आपली आजची स्ट्रॉबेरी.

फुलापासून लाल फळापर्यंत महिनाभर धरा. देठापर्यंत लाल झाल्यावरच तोडा, हे आंब्यासारखं अढीत पिकत नाही. फळ मातीला टेकलं की सडतं, खाली सुकं गवत घाला. आणि कबुतरं! त्यांना फळापेक्षा कुंडीतली माती उकरायची हौस जास्त, जाळी लावाच. पानांच्या मागे बारीक लाल कोळी दिसले तर आधी पाण्याचा फवारा, मग संध्याकाळी निंबोळी तेल, लिटरला ५ मिली, दोन थेंब साबण.

लांब दोरीसारखे रनर फुटतील, फळं चालू असताना ते कापून टाका, नाहीतर सगळी ताकद तिकडे जाते.

"बहुवर्षायू आहे ना, मग पुढच्या वर्षी?" थंड हवेत तेच रोप दोन-चार वर्षं जगतं, पण आपल्याकडचा मे आणि त्यावर जुलैचा पाऊस त्याला झेपत नाही. महाबळेश्वरचे शेतकरी पण दरवर्षी नवीन रोपंच लावतात, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. आणि ऑनलाइन निळ्या स्ट्रॉबेरीचं बी मिळतं ते घेऊ नका, निळी स्ट्रॉबेरी नसतेच.

सात दिवसात रोप गेलं तर व्हॉट्सॲपवर फोटो टाका, बदलून देऊ. फोटो मातीच्या लेव्हलवरून, जवळून काढा, क्राऊन पुरलेला दिसला तर मात्र रोप बदलून मिळणार नाही.