नागपूरच्या उन्हात गोठलेली नळी

मे महिन्यातली दुपार होती आणि पारा ४४ वर. जबलपूर रोडवरच्या एका एलएनजी पंपावर, म्हणजे थंड करून द्रव केलेल्या नैसर्गिक वायूच्या पंपावर, ट्रक भरताना बघत मी उभा होतो. भरणाऱ्या पोराच्या हातात कोपरापर्यंतचे जाड हातमोजे, तोंडावर पारदर्शक ढाल. नळी टाकीला जोडली आणि दोन-तीन मिनिटांत तिच्या तोंडावर पांढरं काहीतरी धरायला लागलं. आधी पिठासारखं, मग जाड होत गेलं. बर्फच होता. नागपुरात, मे महिन्यात, भर उन्हात. नळी सुटली तेव्हा पांढऱ्या वाफेचा एक लोट निघाला आणि मी दोन पावलं मागे सरकलो. पोरगं हसलं. "घाबरू नका भाऊ, गॅस नोहे थो. हवेतलं पाणी आहे."

त्याचं बरोबर होतं. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि मिथेन दिसत नाही. दिसतो तो गारव्याने गोठलेला हवेतला ओलावा. उन्हाळ्यात नागपूरची हवा कोरडी असते म्हणून लोट छोटा. हाच पंप जुलैत बघितला तर पांढरा ढग मोठा दिसेल. नळीच्या आत उणे दीडशेच्या आसपास, बाहेर अधिक ४४. मधे वीतभर अंतर आणि दोनशे अंशांचा फरक.

एवढी थंडी कशाला, असं कोणालाही वाटेल. घरचं सिलिंडर हलवलं की आत डुचमळतं, तेही गॅसचं पाणीच. पण त्याला कोणी गोठवत नाही. त्यातले प्रोपेन आणि ब्युटेन नुसत्या दाबाने द्रव होतात. मिथेन मात्र हट्टी. उणे ८२ अंशांच्या वर तो असेल तर वाटेल तेवढा दाब द्या, द्रव होतच नाही; म्हणून सीएनजीच्या ऑटोत तो दोनशे पट दाबून भरला तरी वायूच राहतो. तो साध्या दाबाला उणे १६२ अंशांपर्यंत नेला, की ६०० घनमीटर वायू एका घनमीटरात बसतो. मग तो जहाजात भरता येतो, टँकरमध्ये भरता येतो, आणि लांब पल्ल्याच्या ट्रकला एका टाकीत शेकडो किलोमीटर नेता येतो. टाकी म्हणजे काय, एक मोठा थर्मास.

देशातला पहिला व्यावसायिक एलएनजी पंप ११ जुलै २०२१ रोजी नागपूरजवळ याच रस्त्यावर सुरू झाला, हे बऱ्याच नागपूरकरांना माहीत आहे. त्याहून कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी, की देशात असा पंप कुठेही काढायचा असेल तर ज्या पेसोचा, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा, परवाना लागतो, तिचं मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे. समुद्र शेकडो किलोमीटर लांब असलेलं हे गाव, पण समुद्रावरून येणाऱ्या या इंधनाशी त्याचं नातं बरंच जवळचं निघालं.

डिझेलला स्वच्छ पर्याय म्हणून एलएनजीचं कौतुक होतं, आणि ट्रकच्या मागे उभं राहून बघितलं तर ते खोटं नाही. काळा धूर नाही, गंधक जवळजवळ नाही. कोराडी-खापरखेड्याच्या कोळशाच्या वीजकेंद्रांची राख अंगणात झेलणाऱ्या माणसाला तर नैसर्गिक वायू देवमाणूसच वाटेल. पण जगभरात या वायूवरून जे भांडण चाललंय ते ट्रकच्या मागे उभं राहून कळत नाही. त्यासाठी नळी उलट्या दिशेने धरत जावं लागतं.

नळीमागे टँकर आणि टँकरमागे किनाऱ्यावरचं टर्मिनल. भारताचा एलएनजी सगळ्यांत जास्त कतारमधून येतो आणि तिथला वायू साध्या विहिरीतून आपणहून वर येतो. पण ३० मार्च २०१८ रोजी दाभोळला एक जहाज लागलं, ते अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या सबीन पास टर्मिनलवरून निघालेलं. गेल या सरकारी वायू कंपनीने २०११ सालीच तिथून वर्षाला ३५ लाख टन घेण्याचा करार केला होता. दाभोळ म्हटलं की आपल्याला एन्रॉनचा वीजप्रकल्प आठवतो. त्याच प्रकल्पाचं हे टर्मिनल, लाटा अडवणारी भिंत अपुरी असल्याने कित्येक वर्षं पावसाळ्यात बंद राहणारं. तर या जहाजातला वायू अमेरिकेच्या वाहिन्यांच्या जाळ्यातून आलेला, आणि त्या जाळ्यातल्या वायूचा मोठा हिस्सा शेल नावाच्या खडकाचा. म्हणजे फ्रॅकिंगचा, दाबाच्या पाण्याने खडक फोडून काढलेला. मिथेनच्या रेणूवर गावाचं नाव छापलेलं नसतं, त्यामुळे माझ्यासमोरच्या ट्रकमध्ये कतार भरला की टेक्सास, हे त्या पोरालाही सांगता आलं नसतं आणि मलाही.

फ्रॅकिंग हा शब्द परका असला तरी ती क्रिया विदर्भातल्या खेड्यांनी पाहिलेली आहे. काटोलकडच्या एका गावात मी ती लहानपणी पाहिली. हातपंप आटलेला. भूजल सर्वेक्षणवाल्यांची गाडी आली, त्यांनी हापशाचं वरचं सामान काढलं, बोअरमध्ये एक रबरी फुगा उतरवून तो भिंतीला घट्ट बसवला आणि त्याच्या खाली जोरात पाणी दाबलं. गाडीवरचा काटा चढत गेला, चढत गेला, आणि एकदम पडला. "फुटलं," असं कोणीतरी म्हणालं. काळ्या पाषाणातल्या मातीने बुजलेल्या भेगा मोकळ्या झाल्या होत्या, काही नव्याने उघडून एकमेकींना मिळाल्या होत्या. पंप पुन्हा बसवल्यावर पाणी आलं. सरकारी भाषेत याला जलभंजन म्हणतात. आणि विहिरीच्या तळाशी आडवे बोअर मारणारा शेतकरी तर आपल्याकडे गावोगावी आहे.

या दोन्ही गोष्टी एकत्र करा आणि प्रचंड मोठ्या करा. शेल हा चिखल दाबून झालेला खडक. त्यात वायू भरपूर असतो, पण छिद्रं इतकी बारीक की वायूला हलायला वाटच नाही. अमेरिकेत १९४७ साली कॅन्ससमधल्या एका विहिरीत खडक फोडण्याचा पहिला प्रयोग झाला. पण शेलचं कोडं सुटलं ते १९९० च्या दशकाच्या शेवटी, टेक्सासच्या बार्नेट खडकात, जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीच्या चिकाटीमुळे. पुढे त्याला आडव्या विहिरीची जोड मिळाली. विहीर दोन-तीन किलोमीटर खाली जाते, मग वळते आणि खडकाच्या थरातून तितकीच आडवी धावते. तिच्यात शेकडो वातावरणांच्या दाबाने पाणी सोडतात. गावातल्या जलभंजनात नसलेली एक गोष्ट इथे असते, ती म्हणजे वाळू. दाब काढला की खोल खडकाची भेग पुन्हा मिटणार. वाळूचे कण तिच्यात पाचरीसारखे अडकून ती उघडी ठेवतात. शिवाय पाणी निसटतं व्हावं, जंतू वाढू नयेत, नळीत क्षार धरू नयेत म्हणून थोडी रसायनं. टक्क्याने बघितलं तर नगण्य. पण एका विहिरीला दोन कोटी लिटर पाणी सहज लागतं, आता लांब विहिरींना त्याहून बरंच जास्त. दोन कोटी लिटर म्हणजे आपल्या दहा हजार लिटरच्या टँकरचे दोन हजार टँकर. त्यातला अर्धा टक्का रसायन धरलं तरी दहा टँकर होतात.

भांडण इथून सुरू होतं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात नळाच्या पाण्यात मिथेन आला, लोकांनी तोटीला काडी लावून दाखवली. कंपन्या म्हणाल्या, आमच्या भेगा दोन किलोमीटर खाली आहेत, तुमचं पाणी शंभर मीटरवर, संबंधच नाही. माझ्या मते दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. खालची भेग सहसा वर येत नाही. गळतं ते बहुधा विहिरीच्या नळीभोवतीचं सिमेंट नीट बसलं नसेल तेव्हा, अगदी वरच्या भागात. ज्याच्या नळाला आग लागते त्याला मात्र ही बारीक तफावत ऐकवून उपयोग नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१६ च्या अहवालात मान्य केलं की काही परिस्थितींत पिण्याच्या पाण्यावर परिणाम होऊ शकतो. तोवर न्यूयॉर्क राज्याने २०१४ मध्येच बंदी घालून टाकली होती. मार्सेलस नावाचा एकच शेल खडक सीमेच्या अलीकडे पेनसिल्व्हेनियात फोडला जातो, पलीकडे न्यूयॉर्कमध्ये शाबूत आहे. फ्रान्सने तर २०११ मध्येच दार लावलं.

दुसरी तक्रार भूकंपांची. इथे कोयना आठवावी. डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर आपण शिकलो, की पाण्याचा दाब जुन्या भेगेत शिरला तर ताणलेला खडक सरकू शकतो. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात धरण नव्हतं. तेल आणि वायूबरोबर वर आलेलं खारं, घाण पाणी परत खोल विहिरींत कोंबलं जात होतं. २००९ च्या आधी त्या राज्यात ३ रिश्टरच्या वरचे धक्के वर्षाला एक-दोन असायचे. २०१५ साली ते नऊशेच्या आसपास गेले. पुढच्याच वर्षी पॉनीला ५.८ चा बसला. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये फ्रॅकिंगच्याच एका विहिरीजवळ २.९ चा धक्का बसला आणि नोव्हेंबरात सरकारने काम थांबवलं.

आपल्याकडे हे का नाही पेटलं? अमेरिकेत जमीन ज्याची, खालचं खनिजही बहुधा त्याचंच. शेतकऱ्याला दरमहा रॉयल्टीचा चेक येतो, त्यामुळे एकाच गावात निम्मे लोक बाजूने आणि निम्मे विरोधात असतात. भारतात जमिनीखालचा वायू सरकारचा. शेतकऱ्याच्या वाट्याला फक्त खड्डा आणि धूळ. म्हणून तमिळनाडूत नेडुवासलला २०१७ मध्ये वायूच्या विहिरींची बातमी फुटताच अख्खं गाव रस्त्यावर बसलं, आणि २०२० मध्ये कावेरीच्या खोऱ्यासाठी संरक्षित शेतीक्षेत्राचा कायदा आला. तिथे फ्रॅकिंग होणार होतं की नाही हा मुद्दा गौण ठरला. पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळ ओएनजीसीला २०११ मध्ये शेल वायू सापडला खरा, पण त्याचं पुढे मोठं उत्पादन उभं राहिलं नाही. राणीगंजच्या आणि मध्य प्रदेशातल्या सोहागपूरच्या कोळशातून मात्र मिथेन काढतात, आणि तिथे थर फोडावेच लागतात. कामठी-उमरेडचा कोळसाही त्याच गोंडवाना कुळातला.

मला स्वतःला यातली पाण्याची आणि भूकंपाची तक्रार सुटण्यासारखी वाटते. सिमेंट नीट भरा, घाण पाणी शुद्ध करा. खर्चाचा प्रश्न आहे. तिसरी गोष्ट, म्हणजे वायूची गळती, मला जास्त छळते, कारण ती दिसत नाही, आणि तिला वासही नाही. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम दुर्गंध मिसळतात. उणे १६२ ला तो वासाचा पदार्थच गोठून जातो, म्हणून एलएनजी बिनवासाचाच राहतो.

हिशोब पाटीवर मांडता येतो. १०० किलो मिथेन जाळला की २७५ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तेवढ्याच उष्णतेसाठी कोळसा यापेक्षा बराच जास्त सोडतो, डिझेलही जास्त सोडतं. इथवर वायू जिंकला. पण न जळता निसटलेला मिथेन वीस वर्षांच्या काळात त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट उष्णता अडवतो. म्हणजे १०० किलोमागे ३ किलो गळाला तर २४० किलोची भर. ओझं जवळपास दुप्पट, आणि जिंकलेली बाजी हातची गेली. २०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासाने तिथली गळती उत्पादनाच्या २.३ टक्के काढली, आणि ती नुसत्या अमेरिकेच्या जमिनीवरची. पुढे वायू गोठवायला दहा टक्क्यांच्या आसपास वायूच खर्ची पडतो. जहाजात थर्मास कितीही चांगला असला तरी रोज थोडा उकळतोच. कॉर्नेल विद्यापीठाचे रॉबर्ट हॉवर्थ म्हणतात की हे सगळं धरलं तर निर्यात केलेला एलएनजी कोळशाहून वाईट. त्यांचे आकडे फार कडक धरलेत, असं म्हणणारेही बरेच. शंभर वर्षांचा काळ धरला की ८० चे साधारण ३० होतात आणि निकाल फिरतो. माझं पोरगं आज शाळेत आहे. मी वीस वर्षं धरतो.

निघताना पंपावरच्या त्या पोराला विचारलं, गाडी बरेच दिवस उभी राहिली तर काय होतं? आत गरमी शिरत राहते, द्रव उकळतो, दाब वाढतो. चार-पाच दिवस टाकी दम धरते, मग झडप उघडते. "दिवाळीत ड्रायवर गावाले गेला अन् गाडी हप्ताभर उभी राहिली का टाकी शिट्टी मारते," तो म्हणाला. मी मनात आकडा केला. एक किलो शिट्टीत गेला तर ८० किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे तीस लिटर डिझेल जाळल्याइतकं.

"किती जातो, ते कुठे लिहून ठेवता का?"

"त्याचं काय लिहायचं भाऊ," नोझलवरचा बर्फ झटकत तो म्हणाला, "थे तर हवेत गेलं."