जन्मजात इंग्रजी कुणाची?

इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला विचारा, ‘कॅट’ आणि ‘डॉग’चं अनेकवचन कसं करता? शेवटी ‘एस’ लावतो, असं तो सांगेल. प्रत्यक्षात तो ‘कॅट्स’ म्हणतो आणि ‘डॉग्झ’. एकीकडे ‘स’, दुसरीकडे ‘झ’. आधीचा ध्वनी घोष (म्हणजे गळ्यातल्या स्वरतंतूंच्या कंपनाने निघणारा) असेल तर ‘स’चा ‘झ’ होतो, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. आपण असं करतो याचा बहुतेकांना पत्ताही नसतो. १९५८ साली अमेरिकेतल्या जीन बर्को यांनी मुलांना पाखरासारखा एक काल्पनिक प्राणी दाखवला. त्याचं नाव ‘वग’. मग दोन दाखवून विचारलं, आता हे काय? चार ते सात वर्षांची बहुतेक मुलं बिनदिक्कत ‘वग्झ’ म्हणाली. शब्दच नवा असल्यामुळे पाठांतराचा प्रश्नच नव्हता.

कान तर याच्याही कितीतरी आधी तयार होतो. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली कॅनडात केलेला प्रयोग आपल्याला गंमतशीर वाटेल, कारण त्यात हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ होते. इंग्रजी घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळं हा फरक सहज ओळखत. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फार थोड्यांना तो जमला. इंग्रजीत या भेदाने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे मेंदू त्याच्याकडे लक्ष देणं सोडतो. इंग्रजी कान घडतो तो असा, थोडं गमावून.

व्याकरणाला मात्र बरीच सवड मिळते. २०१८ साली जोशुआ हार्टशोर्न आणि सहकाऱ्यांनी सुमारे ६ लाख ७० हजार लोकांची ऑनलाइन चाचणी घेतली. व्याकरण शिकण्याची क्षमता साधारण सतराव्या वर्षापर्यंत टिकते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पण पूर्ण प्रभुत्वाला अनेक वर्षं लागतात, म्हणून सुरुवात दहा-बारा वर्षांच्या आत झालेली बरी. हा सतराचा आकडा ब्रह्मवाक्य नाही. तीच माहिती पुन्हा तपासणाऱ्यांनी त्यावर शंका घेतली आहे.

मग जन्मापासून इंग्रजी कानावर पडलेल्या सगळ्यांचं इंग्रजी सारखंच पक्कं असतं का? इथे भाषाशास्त्रज्ञ एव्हा दोंब्रोव्स्का यांचं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. ‘माणसाकडून कुत्रा चावला गेला’ अशा अर्थाची उलटसुलट कर्मणी वाक्यं देऊन त्यांनी विचारलं, चावलं कोण? कमी शिकलेले काही जन्मजात इंग्रजी भाषक इथे गडबडले. इंग्रजी नंतर शिकलेल्या परदेशी लोकांनी याच चाचणीत त्यांच्यापेक्षा चांगली कामगिरी केली. लेखी भाषेत जास्त आढळणारी रचना वाचनातून मुरते, पाळण्यात नाही.

इतकं असूनही ‘नेटिव्ह’, म्हणजे जन्मजात भाषक, हा शिक्का बरेचदा देश पाहूनच मारला जातो. काश्मीरमध्ये जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८५ साली इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली: ब्रिटन-अमेरिका आतल्या वर्तुळात, भारत, नायजेरिया, सिंगापूर बाहेरच्या, तर इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकणारे देश तिसऱ्या. पण २०२० च्या जनगणनेनुसार सिंगापूरमधल्या पाच वर्षांवरच्या रहिवाशांपैकी ४८.३ टक्के लोक घरात मुख्यतः इंग्रजीच बोलतात. तिथल्या मुलांच्या वाक्याच्या शेवटी ‘ला’, ‘लोर’, ‘मे’ असे शब्द येतात. कुठला कुठे बसतो, हे लंडनहून आलेल्या इंग्रजाला ऐकून ऐकून शिकावं लागतं. तिथलं शाळकरी पोर ते न अडखळता बोलून जातं.